वासुदेव बळवंतांचं लिखाण मराठीत कधी देणार? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, सरळ मुद्द्यावर येतो. वासुदेव बळवंत फडक्यांचा अजून एक पुतळा नको. त्यांनी स्वतःच्या हाताने जे लिहिलं ते मराठीत स्वस्तात छापा, पुराभिलेख खातं तुमच्याच विभागात येतं ना.

दर जयंतीला भाषण ठरलेलं. आई आजारी, लष्करी हिशेब खात्यातल्या या कारकुनाला रजा वेळेवर मिळाली नाही, गावी शिरढोणला पोचेपर्यंत आई गेलेली, पुढच्या वर्षी श्राद्धाला रजा मागितली तर तीही नाकारली. खरं आहे सगळं, पण भाषण तिथेच थांबतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस रजेसाठी चिडून बंडात गेला!! अहो 1876-77 चा दुष्काळ कुठे गेला? माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती, हा माणूस फिरून ते बघून आला, आधी शिकल्यासवरल्या लोकांकडे गेला, तिथे कोणी दाद दिली नाही, मग रामोशी, कोळी, धनगर उभे राहिले आणि फेब्रुवारी 1879 ला पुणे जिल्ह्यातल्या धामारी गावावर पहिला दरोडा पडला.

मे महिन्यात त्यांनी जाहीरनामा काढला, त्यातल्या मागण्या वाचल्यात का कधी? लोकांना कामं द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कापा. हिशेब खात्यातला माणूस, पैसा कुठून कुठे जातो हे त्याला बरोबर माहीत. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं पान आहे आणि नेमकं तेच आपण गाळतो.

श्रीशैलमला मल्लिकार्जुनाच्या देवळात जीव द्यायच्या विचाराने गेले होते तेव्हा त्यांनी आत्मचरित्र लिहून काढलं. 20 जुलै 1879 ला विजापूरकडच्या देवर नावदगीला तापाने फणफणलेले असताना पकडले गेले आणि कागद सरकारच्या हातात पडले. 1957 साली तेव्हाच्या मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा खंड काढला त्यात हे आलंय, पण इंग्रजीत. शिरढोणच्या पोराने शिरढोणच्या माणसाचं इंग्रजीत वाचायचं, आणि तो जाडजूड खंड शोधायचा कुठे ते वेगळंच.

दुसरी गोष्ट, सोबत्यांची नावं. दौलतराव नाईक मे 1879 मध्ये मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना मारला गेला, त्याचं नाव किती जणांना माहितीये? फडक्यांच्या खटल्यात सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) वकील म्हणून उभे राहिले ते निदान पुण्यात तरी आठवतात, दौलतरावाच्या वाट्याला तेवढंही नाही. पुस्तकात या सगळ्यांवर एक प्रकरण हवंच. आणि फडक्यांचा एडनचा तुरुंगवाससुद्धा नीट येऊ द्या, कोठडीचं दार बिजागरीतून उपटून पळालेला माणूस आहे तो, पकडून परत आणला आणि 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच गेला.

तेव्हा साहेब, एक संपादक नेमा, मूळ मराठी कागद दप्तरात सापडले तर त्यांचे फोटो टाका, नाहीतर इंग्रजीवरून चांगलं भाषांतर करून घ्या. पीडीएफ फुकट ठेवा. छापील प्रतीची किंमत पाठ्यपुस्तकाएवढी ठेवा आणि शासकीय ग्रंथागारात नुसती गठ्ठ्यात पडू देऊ नका, रायगड आणि पुण्याच्या शाळांना आधी पाठवा.

कळावे,
एक वाचक