डॉक्टरच का?

रामबाग, इंदूर

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार. रेवाला पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं, बोलावणं आलं हे वाचून फार आनंद झाला! आमचं एमजीएम मेडिकल कॉलेज काय, तुमच्या ग्वाल्हेरचं गजरा राजा काय, प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो. एएफएमसीत मात्र मुलाखत असते, आणि ‘डॉक्टर का व्हायचंय?’ हा प्रश्न येणार असं धरूनच चालावं.

तिनं लिहिलेलं उत्तर वाचलं. आजीचे मधुमेहानं झालेले हाल पाहून सेवा करावीशी वाटली. खरंच आहे ते, पण एवढ्यावर थांबली तर पुढचा प्रश्न ठरलेला: सेवा नर्सही करते, मग नर्स का नाही? इथे मुलं गडबडतात आणि नर्सचं काम हलकं असल्यासारखं बोलून जातात. तसं मुळीच व्हायला नको.

उत्तर आजीच्या पायाच्या जखमेतच आहे. डॉक्टरांनी आजीला डोळे मिटायला सांगून तळव्याला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. आजीला काहीच जाणवलं नाही. साखरेनं नसा बधिर झालेल्या, म्हणून दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून चिघळेपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनाच जखमेची कड काळी पडलेली आधी दिसली, हेही रेवानं जरूर सांगावं. मग म्हणावं: कारण शोधायचं, बोट वाचेल की काढावं लागेल हे ठरवायचं आणि त्या निर्णयाची जबाबदारी घ्यायची, हे काम मला हवंय.

सगळं दीड-दोन मिनिटांत बसवायचं. निम्मा वेळ त्या पायाला. उरलेल्यात, त्यानंतर तिनं स्वतः काय केलं ते. नसा बधिर का होतात हे शोधून वाचलं असेल तर तेवढंच सांगावं. तुमच्या जयारोग्य रुग्णालयाच्या ओपीडीत एखादी सकाळ बसायची परवानगी मिळाली तर उत्तमच. पण न केलेलं काही घुसडू नये, दोन उपप्रश्नांत ते उघडं पडतं.

‘गणवेश का?’ हेही विचारतील. साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप, नंतर सैन्यदलातली सेवा बंधनकारक आणि नेमणूक सांगतील तिथे. याबद्दल घरात आधी मोकळेपणानं बोला. तिची मनापासून तयारी नसेल तर ते चेहऱ्यावर दिसतंच.

पाठांतर मात्र नको. मध्येच कुणी तोडलं की पाठ केलेलं उत्तर पुन्हा जुळत नाही. कागदावर चारच शब्द लिहू दे: पाय, धागा, कारण, निर्णय. आधी तुला मराठीत सांगू दे, मग इंग्रजीत, दर वेळी वाक्यं वेगळी. तू मधेच थांबवून ‘म्हणजे काय?’ विचार.

रविवारी संध्याकाळी तिला फोनवर बसव. ती बोलेल, मी तोडत राहीन.

तुझी,
मंदा