इंग्लंडमध्येही मताधिकार आपसूक आला नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधील मताधिकारावरचा लेख वाचून राहवले नाही. तिथल्या पार्लमेंटने समंजसपणे, रक्त न सांडता, टप्प्याटप्प्याने सर्वांना मत दिले, असा लेखाचा सूर आहे. मग १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ कशाला घातले होते? १८३९ मध्ये न्यूपोर्टला सैनिकांच्या गोळ्यांनी वीसेक माणसे मेली, ती कशासाठी?

माझा हा राग जुना आहे. मी शाळेत इतिहास शिकवत असे. एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत एका मुलीने स्वच्छ लिहिले होते: १८३२ च्या कायद्याने मत मिळाले ते मालमत्ता असलेल्या पुरुषांना, ज्या कामगारांनी मोर्चे काढले ते कोरडेच राहिले, म्हणून सर्व प्रौढ पुरुषांना मत मागणारी चार्टिस्ट चळवळ उभी राहिली. मी पूर्ण गुण दिले. नियामकांनी ते लाल शाईने कापले, कारण नमुना उत्तरात 'जनतेला मताधिकार मिळाला' एवढेच होते. मी पुष्कळ वाद घातला, पण त्या पोरीचे गुण गेले ते गेलेच. आता तेच नमुना उत्तर तुम्ही पानभर छापलेत!

१८४२ च्या चार्टिस्ट अर्जाचा लेखात उल्लेखही नाही. त्यावर ३३ लाखांहून अधिक सह्या होत्या. फिन्सबरीचे खासदार थॉमस डंकम यांनी तो सभागृहात आणला. अर्जदारांचे म्हणणे निदान ऐकून घ्या, एवढीच विनंती होती. तीही ४९ विरुद्ध २८७ मतांनी फेटाळली गेली. विरोधात बोलणाऱ्यांत मेकॉले होते. सरसकट मताधिकार आणि सुसंस्कृत समाज एकत्र नांदूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. याच मेकॉलेंना, १८३२ च्या विधेयकाची बाजू घेतली म्हणून, तुमच्या लेखकाने मताधिकाराचे कैवारी ठरवले आहे. त्यांचे दहा वर्षांनंतरचे भाषण का वगळले? गुप्त मतदान यायला १८७२ साल उजाडले. स्त्रियांना १९१८ पर्यंत थांबावे लागले, तेव्हाही तिशी ओलांडलेल्यांनाच आणि मालमत्तेच्या अटीवर.

आणखी एक. लेखासोबत 'चार्टिस्ट सभा' म्हणून छापलेले छायाचित्र विसाव्या शतकातल्या स्त्रियांच्या मोर्चाचे आहे. १० एप्रिल १८४८ रोजी केनिंग्टन कॉमनवर भरलेल्या चार्टिस्ट सभेचे खरे छायाचित्र उपलब्ध आहे. ते येत्या रविवारी दुरुस्तीसह छापावे.

एक निवृत्त शिक्षक, सातारा