गाठीतली गाठ

प्रिय सुमे,

सात महिने झाले. तुझे तीन निरोप आले, शेवटच्यात तर नुसतं प्रश्नचिन्ह होतं, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर रागव, तुझा हक्कच आहे. पण आधी हे वाच. जे झालंय ते तुला सोडून कुणाला सांगितलं तर अर्धंच कळेल.

तब्येतीचं आधी उरकते. माझ्या जिस्टच्या, म्हणजे पोटा-आतड्यांतून उठणाऱ्या त्या दुर्मीळ कॅन्सरच्या, सहा वर्षं गप्प बसलेल्या यकृतातल्या गाठींपैकी एकीच्या आत नवी गाठ दिसली आहे, दोन सेंटिमीटरची. बाकीच्या होत्या तशाच आहेत. म्हणजे इमॅटिनिबला, माझ्या रोजच्या गोळीला, एकीने जुमानणं सोडलंय. वजन ठीक, झोप बरी. गोळीमुळे डोळे अजून सकाळी सुजतात आणि आई अजून रोज विचारते, "रात्री रडलीस का गं?" बस.

आता झालं ते. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा घरी मी एकटी होते. हा रात्री उशिरा आला, जेवला, झोपला. मी काही बोलले नाही. दोन वाजता उठले आणि सगळा रिपोर्ट गटात टाकला. हो, त्याच गटात. अनोळखी माणसांशी आजारपणाच्या गप्पा मारते म्हणून तू नाक मुरडतेस तोच. पाच मिनिटांत तिघं जागे होते. "मूळचा बदल एक्झॉन ११ ना?" (म्हणजे गाठीच्या जनुकाच्या कुठल्या तुकड्यात बिघाड आहे ते), "एकच गाठ वाढतेय का? मग फक्त तिचंच काही करता येतं का विचार, गोळी चालू ठेवून", "आत्ता झोप, उद्या प्रश्न लिहून काढ." कुणी "अरे देवा" म्हटलं नाही. कुणाचा चेहरा मला बघावा लागला नाही.

तुला हे कधी पटलं नाही, पण एकदा नीट ऐक. जिस्ट वर्षाला दहा लाखांत १०-१५ जणांना होतो. इतक्या वर्षांत मला समोरासमोर असा एकही माणूस भेटलेला नाही. तिथे सगळे तेच. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत ज्या बाईंना या आजारासाठी ही गोळी पहिल्यांदा दिली, त्यांच्याबद्दल आम्ही घरातल्या आजीबद्दल बोलावं तसं बोलतो. मूळ रक्ताच्या कॅन्सरसाठी बनवलेली गोळी. त्याआधी पसरलेल्या जिस्टला केमोथेरपी जवळजवळ लागूच पडत नसे. त्या बाईंनी ती घेतली नसती तर मी हे पत्र लिहीत नसते, असं मला अगदी खरंखरं वाटतं. आणि "एवढी वर्षं सगळं शांत आहे तर गोळी थांबव ना" असं तू म्हणालीस आणि आपण दोघी फोनवर ओरडलो, त्या रात्री फ्रान्समधली माहिती मला तिथल्याच एकाने दिली होती. तिथे १, ३ आणि ५ वर्षांनी गोळी थांबवून पाहिली, आणि बहुतेकांचा आजार परत वाढायला लागला. ते तुला तेव्हा नीट सांगायचं सोडून मी फोन आपटला. ते चुकलंच.

असो. नऊ दिवस मी घरात काही बोलले नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. मग धाकटी हसत घरात यायची, किंवा आईचा रक्तदाब वाढलेला असायचा, किंवा हा दमलेला दिसायचा. याच दिवसांत हा सकाळी माझ्याबरोबर फिरायला यायला लागला. मला वाटलं, डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं असेल.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतो. मान वर न करता तो म्हणाला, "बायोप्सी घेऊन नवा बदल कुठे आहे ते तपासणार आहेत का? एक्झॉन १३ मध्ये असेल तर सुनिटिनिब, ती पुढची गोळी, चांगली लागते म्हणे. १७ मध्ये असेल तर तितकी नाही."

माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. तो मी किती वेळ तसाच धरून उभी होते कोण जाणे.

सुमे, हा तीन वर्षं गटात आहे. 'सायकलवाला' या नावाने. आणि मी सायकलवाल्याला ओळखते! मागे त्याने विचारलं होतं, "बायकोला रात्री पोटरीत गोळे येतात, ती मला उठवत नाही, मी काय करू?" उत्तर मीच दिलं होतं, चांगलं सविस्तर. पाऊल हळूच वर दुमडून धरा, पोटरी ताणली जाईल, आणि तिने उठवायची वाट बघू नका. त्यानंतर आठवड्याभरात हा रात्री उठून माझं पाऊल धरायला लागला. मी तुला कौतुकाने सांगितलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, "उशिरा का होईना, सुधारला." तेव्हा हसलो होतो. आताही हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग पोटात खड्डा पडला.

कारण त्या गटात मी याच्याबद्दलही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी, एका वाईट रात्री: "घरी सांगायची सोय नाही. नवरा ऐकूनच कोसळतो, मग मला त्यालाच उचलावं लागतं." शब्द न् शब्द पाठ आहे मला, कारण तेव्हापासून कितीजणींनी ते वाक्य माझ्याच नावाने परत म्हणून दाखवलंय. म्हणजे त्यानेही ते एकदाच वाचलेलं नाही.

आता मागे वळून बघते तर सगळं जुळतं. त्या सुमारापासून याने विचारणं बंद केलं. रिपोर्ट आला की "बरं" म्हणायचा आणि उठून जायचा. मी तुलाच लिहिलं होतं ना, हा आता विचारतसुद्धा नाही, याला सवय झाली माझ्या आजाराची? तू त्याच्यावर चिडलीस. मला बरं वाटलं होतं तू चिडलीस ते. आणि तो इतके दिवस फक्त न कोसळण्याचा प्रयत्न करत होता. मी लिहिलं म्हणून.

त्या वाक्याबद्दल तो चकार शब्द बोललेला नाही. त्याने नवी वही आणलीय, मंगळवारी डॉक्टरांना विचारायचे अकरा प्रश्न त्यात लिहिलेत. औषध बदललं तर चार आठवडे गोळी आणि दोन आठवडे सुट्टी, तळहात-तळपाय हुळहुळे होतात, केस पांढरे पडतात, सगळं त्याला माहीत आहे. (केसांचं ऐकून तुझी आठवण आली. तुझा रंगाचा डबा मी लपवला होता तेव्हा तू आख्खं घर उलटंपालटं केलं होतंस.) आम्ही दोघं आता या सगळ्यावर बोलतो, आधी कधी बोललो नाही इतकं. फक्त त्या एका वाक्याला वळसा घालून बोलतो. काढून टाकू का ते गटातून? त्याला कळेल की काढलं. माफी मागू? मागायला गेले तर रडेन, आणि मग परत कोण कुणाला उचलणार?

म्हणून तू आठवलीस. तुझं ते ठरलेलं लग्न मोडलं ते मला तुझ्या दादाकडून कळलं, आणि तुझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना महिनाभर आधी माहीत होतं. मी चार महिने तुझं तोंड पाहिलं नाही. तू म्हणाली होतीस, "तुला सांगितलं असतं तर मला तुलाच सांभाळावं लागलं असतं." ते मला इतकं लागलं होतं की पुढची कित्येक वर्षं भांडण निघालं की मी तेच उगाळत राहिले. आणि बघ, मी तेच वाक्य नवऱ्याबद्दल लिहून बसले, तुझ्याकडून उचललंय हे लक्षातही न येता. तेव्हा तू मला टाळत नव्हतीस, हे मला आत्ता कळतंय. उशीर झाला, पण सुमे, मी चुकले होते.

तुझा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? पोराचा निकाल लागला असेल, कळव. सासूबाईंना नमस्कार. हे सगळं घाईत लिहिते आहे म्हणून रागावू नकोस, फोनवर नीट ऐकेन.

पण आधी एक सांग. त्या चार महिन्यांनंतर आपल्यात पहिलं कोण बोललं? माझ्या आठवणीप्रमाणे तू. तू नेहमी म्हणतेस मी. कुणी का असेना, पहिलं वाक्य काय होतं? मला काही केल्या आठवत नाहीये. तुला आठवत असेल तर मंगळवारच्या आत कळव.

तुझीच,
चिमी