डिझायनरांना भिंत हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरून काम करण्याविषयी बोलणे निघाले की ते लोकलच्या गर्दीवर येऊन थांबते. कल्याण ते सीएसएमटी हे सुमारे ५४ किलोमीटर रोज दोनदा टळले, हे थोडेथोडके नाही. पण डिझायनरांच्या हातून या सोयीबरोबर ऑफिसातली भिंत गेली. तिच्यावर अॅप आणि वेबसाइटच्या पानांच्या अर्धवट कामाचे कागद डकवलेले असत. येता-जाता कुणीतरी थांबे, "हे बटण इथे का?" म्हणून विचारी, आणि चूक पहिल्याच दिवशी सापडे. आता तीच चूक प्रोग्रॅमरचे काम होत आल्यावर सापडते. घराघरांत विखुरलेली टीम सांभाळणाऱ्यांनी ही भिंत जाणूनबुजून परत उभारावी, यासाठी हे पत्र.

बरेच टीमप्रमुख त्याऐवजी व्हिडिओ कॉल वाढवतात. त्याने काम दिसत नाही, फक्त चेहरे दिसतात. दहा बाय बाराच्या खोलीत, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारी मुलाचा अभ्यास चालू असताना कॅमेरा लावायला सांगण्यात काय हशील? कॅमेरा बंद असू द्या, फाइल उघडी असू द्या.

आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटांचे क्रिटिक, म्हणजे एकमेकांचे चालू काम पाहून मत देण्याची बैठक, पुरते. माणसे पाच-सहा आणि कामे फार तर तीन. फाइलची लिंक आदल्या संध्याकाळी सहापर्यंत आलेली असावी. प्रत्येक कामाला साधारण १५ मिनिटे धरा. पहिली दोन मिनिटे डिझायनरने अडचण काय, काम कुठल्या टप्प्यावर आहे आणि नेमके कशावर मत हवे ते सांगावे. पुढची चार मिनिटे कुणीही बोलायचे नाही, प्रत्येकाने फाइल आपापली उघडून तिच्यातच शेरे लिहायचे. मग चर्चा. शेवटच्या मिनिटात काय ठरले ते मोठ्याने वाचायचे. ही शांत चार मिनिटे गाळली की सगळे फिसकटते. ज्याचा आवाज मोठा त्याचेच मत उरते आणि नवी मुले "छान आहे" म्हणून मोकळी होतात. टीमप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

ठरलेली गोष्ट त्याच दिवशी चार ओळींत फाइलच्या पहिल्या पानावर उतरवावी: काय ठरले, का, कोणता पर्याय सोडला, कुणी आणि कधी. सोडलेल्या पर्यायाची ओळ सर्वांत मोलाची असते. ती नसली तर दोन महिन्यांनी कुणीतरी तोच पर्याय नव्याने काढून आणतो आणि तोच वाद पुन्हा होतो. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोटने दिलेला निर्णय हा निर्णय धरूच नये, तो नंतर कुणालाही सापडत नाही.

वेळेचे गणित परदेशी कामात हमखास चुकते. उन्हाळी वेळेत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. तिथली सकाळी दहाची बैठक म्हणजे इथे कधी संध्याकाळचे साडेसात, कधी साडेआठ. त्यातही अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडची माणसे असलेल्या बैठकीला कुणी ना कुणी तासभर चुकतो. म्हणून निमंत्रणात एकाच शहराची वेळ पक्की धरावी आणि मार्चच्या आरंभी व ऑक्टोबरच्या मध्याला टीमला आठवण द्यावी. सर्वांची सामाईक वेळ रोज दोन-तीन तासांहून जास्त मागू नये. बाकीचे काम लिहून चालते. संध्याकाळी तीन ओळी पुरेत: आज काय झाले, कुठे अडले, उद्या काय. आणि अर्धा तास एकाच जागी अडलो तर लिहून विचारायचे, हा नियम करावा. घरी एकटा बसलेला नवखा मुलगा विचारायला कचरतो आणि त्याचा अख्खा दिवस जातो.

मराठीतल्या कामाला तर दुसऱ्या डोळ्यांची गरज जास्तच. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळींत आपले रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालून. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली नाही तर हिंदी वळणाचेच उमटतात. तपासणीला एक वाक्य कायम जवळ ठेवावे: "दुसऱ्या तऱ्हेची दुरुस्ती सर्वांनी शक्यतो लवकर करावी." हे प्रत्येक आकारात टाकून साध्या, स्वस्त फोनवर पाहावे. डिझायनरच्या मोठ्या पडद्यावर बरे दिसलेले तिथे मोडते.

मात्र टीम कितीही चांगली असली तरी ती एकाच कंपनीची नजर. फ्रीलान्स करणाऱ्याला तेवढीही मिळत नाही. म्हणून डिझायनरांचे मंडळ हवे. मुंबईला हे नवे नाही. जेजे कला महाविद्यालय इथलेच, आयआयटीचे आयडीसी हे डिझाइन शिकवणारे केंद्र १९६९ पासून पवईत आहे, आणि 'मंगल' हा फॉन्ट घडवणाऱ्या र. कृ. जोशी यांच्याभोवती अक्षरांची आस्था असलेली माणसे इथेच जमत होती. आज गट पुष्कळ निघतात, पण तिसऱ्या महिन्यात विरतात. सगळा भार एकावर असतो, कार्यक्रम भाषणांचा होतो आणि ग्रुप नोकरीच्या जाहिराती व सुप्रभात संदेशांनी भरतो.

टिकायचे तर छोटे ठेवा. महिन्याचा दुसरा शनिवार, चार ते सहा, १२ ते १५ माणसे. तीन कामे ए-थ्री कागदावर छापून खऱ्या भिंतीवर लावायची. सांभाळणारे दोघे असावेत आणि दर सहा महिन्यांनी एक बदलावा, म्हणजे जुन्याकडून नव्याला सगळे कळते. गोपनीयतेचा करार असलेले काम आणू नये. प्रसिद्ध झालेले, किंवा स्वतःहून केलेले आणावे. ग्राहकाचे नाव आणि आकडे झाकले की चालते, ही समजूत धोक्याची आहे.

शेवटची २० मिनिटे पैशांच्या बोलण्याला द्यावीत. कामाला लागलेले तास, बदलांच्या फेऱ्या, आगाऊ किती, बिल किती दिवसांनी सुटले, हे नावे न घेता सांगितले तरी नवख्याला केवढा आधार होतो! छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी मोफत आहे आणि एकट्याने काम करणाऱ्यालाही करता येते, हे अनेकांना ठाऊकच नसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल करारात मुदत असली तरी फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. न दिल्यास याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करावी. मागाहून केलेली जुन्या बिलाला उपयोगी पडेलच असे नाही.

अडते ते जागेपाशी. अंधेरी-परळच्या भाड्याच्या जागा तरुण फ्रीलान्सरला झेपत नाहीत. मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात १८९३ पासून आणि मुंबईत १८९८ पासून आहे, उपनगरांतही वाचनालये आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींची दालने शनिवारी दुपारी रिकामी असतील. महिन्यातून दोन तास, पंखा, दोन प्लग आणि खिळे-चिकटपट्टी चालेल अशी एक भिंत एवढेच हवे. भाडे आम्ही वाटून देऊ. वाचनालयांच्या कार्यकारिणींनी आपल्या वृत्तपत्रातून कळवावे, ही विनंती.

आपले,
मुंबई आणि उपनगरांतील काही डिझायनर