आधी दरी, मग कुझको

मा. संपादक,

दक्षिण अमेरिकेच्या सहलींच्या जाहिराती हल्ली ठाण्यातही दिसतात. त्यांत पेरू देशातलं कुझको म्हणजे माचू पिचू या प्राचीन डोंगरी नगरीच्या वाटेवरचा मुक्काम, एवढंच! स्पॅनिशांआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांची ही राजधानी सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. माचू पिचू तिच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. म्हणून विमानतळावरून थेट शहराहून खालच्या उरुबांबा नदीच्या दरीत उतरून दोन रात्री काढाव्यात आणि मग शहरात यावं. उलट केलं, की विरळ हवेमुळे डोकं ठणकतं, मळमळतं. त्यावर तिथे कोका या झुडपाच्या पानांचा चहा पितात, तो तिथेच प्यावा. पानं सामानात आणली तर आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा लागू होतो.

कोरिकांचा मात्र चुकवू नये. या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, इंकांच्या भिंती टिकल्या. त्यांत चुना नाहीच. दगड घासून एकमेकांत बसवलेले, भिंती आत कललेल्या, दारं वर निमुळती. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड पाहावा, हात लावू नये.

२४ जूनच्या इंति रायमीला जाहिराती 'अखंड परंपरा' म्हणतात, तेही खरं नाही. वसाहतकाळात बंद पडलेला हा सूर्योत्सव १९४४ साली पुन्हा सुरू झाला.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे