विषय: प्लेटिंगच्या ईटीपी स्लजला इन्सिनरेशनचं बिल लावल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

घातक कचरा उचलायचं ह्या वेळचं तुमचं बिल बघून डोकंच फिरलं. आमचं छोटं प्लेटिंग युनिट आहे, क्रोम आणि झिंक, आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) स्लज म्हणजे गाळ तुमच्याकडे आजवर लँडफिलच्या, म्हणजे पुरायच्या, रेटनेच जात होता, आता एकदम सगळा माल इन्सिनरेशनला, म्हणजे जाळायला, टाकलाय. फोन केला तर "लॅब रिपोर्टप्रमाणे आहे सर", पुढे काही नाही.

मग रिपोर्ट मागवला. त्यात लिहिलंय काळा, तेलकट, चिकट. अहो आमचा केक (दाबून पाणी काढलेला स्लज) हिरवट असतो! जास्त विषारी हेक्साव्हॅलंट क्रोम आम्ही ॲसिडिक करून मेटाबायसल्फाइटने कमी विषारी ट्रायव्हॅलंटवर आणतो, मग चुना टाकून खाली बसवतो आणि फिल्टर प्रेसला काढतो, ते हिरवटच दिसणार ना. काळं तेलकट आमच्याकडे फक्त ऑइल ट्रॅपवरचं, त्याचा ड्रम वेगळा, त्यावर 35.4 आणि स्लजच्या गोण्यांवर 35.3 अशी कचऱ्याच्या प्रकाराच्या नंबरांची लेबलं ढळढळीत लावलेली. तुमच्या पोराने सँपल घेतलं तेव्हा आमचा सुपरवायझर शेजारीच होता. ड्रममधून आणि गोणीतून एकाच मगाने काढून बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं, ना सील ना सही, नंबर पेनने लिहिला तोही तिथल्या तिथे पुसला गेला. मग कुठली बाटली कुणाची हे लॅबला काय स्वप्नात दिसणार?

आणि जाळायचं म्हणता तर जाळणार काय? मेटल हायड्रॉक्साइड, चुना आणि पाणी. उलट चुन्याबरोबर क्रोम भट्टीत तापलं की परत हेक्साव्हॅलंट व्हायची भीती, जे मोडायला आम्ही दर महिन्याला केमिकलवर पैसे घालतो.

स्लज हॅझार्डस नाही असं मी म्हणतच नाहीये, 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत शेड्यूल 1 मध्येच आहे तो. पण टीसीएलपी (कचऱ्यातून किती धातू पाझरतो ती टेस्ट) तर करा, क्रोमची मर्यादा 5 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, जास्त आलं तर सिमेंट, फ्लायॲश घालून स्टॅबिलाइझ करा, परत टेस्ट करा आणि मग लँडफिलला टाका, त्याचे पैसे द्यायला आमची ना नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये टीसीएलपीचा रकानाच नाही!!

वर मागच्या लॉटच्या मॅनिफेस्टची (मालाबरोबर जाणाऱ्या फॉर्मची) निळी कॉपी, जी तुम्ही आम्हाला परत पाठवायची असते, ती अजून आलेली नाही आणि बिल भरल्याशिवाय गाडी पाठवणार नाही म्हणता. माल 90 दिवसांच्या वर शेडमध्ये ठेवता येत नाही, उद्या एमपीसीबीवाले (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक) आले तर नोटीस आमच्या नावाने निघणार, तुमच्या नाही.

तेव्हा बिल होल्डवर टाका, गोण्यांचं सँपल आमच्यासमोर परत घ्या, दोन्हीकडच्या सह्या आणि सील करून, त्यातलं अर्धं आमच्याकडे ठेवा. गाडी ह्याच आठवड्यात पाठवा आणि निळी कॉपी ड्रायव्हरबरोबर द्या. उत्तर मेलवर पाहिजे, फोनवरचं "बघतो सर" आता चालणार नाही.