पावसाळ्यातील ताप आणि मुलांची औषधे

मा. संपादक,

पावसाळा लागला की ऐरोली-घणसोली भागातील औषधांच्या दुकानांत लहान मुलांच्या तापाचे औषध मागणारे पालक वाढतात आणि त्यांतील बरेच जण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ‘पॅरासिटामॉलने ताप उतरत नाही, काहीतरी स्ट्राँग द्या’ असा आग्रह धरतात. फार्मासिस्ट म्हणून मला या आग्रहाची काळजी वाटते.

‘स्ट्राँग’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन या ताप-वेदनांवरील औषधाचा परिणाम पॅरासिटामॉलपेक्षा थोडा अधिक वेळ टिकतो, हे खरे आहे. परंतु डेंग्यूचे रुग्णही याच दिवसांत वाढतात आणि प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) कमी झालेल्या मुलाला आयब्युप्रोफेन किंवा त्याच गटातील मेफेनॅमिक ॲसिड दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. उलट्या-जुलाबांनी अंगातील पाणी कमी झाले असेल, तर मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. त्यामुळे डेंग्यू नाही, असे डॉक्टर सांगेपर्यंत पॅरासिटामॉलच द्यावे. शिवाय डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. ॲस्पिरिन मुलांच्या तापावर देऊच नये, आणि निमेसुलाइड या तापाच्या औषधावर तर 12 वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून बंदी आहे.

पॅरासिटामॉल ‘लागू पडत नाही’, याचे कारण पुष्कळदा चुकीच्या मात्रेत असते. ही मात्रा मुलाच्या वजनावर ठरते: एका वेळी दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर. म्हणजे 12 किलोच्या मुलाला 120 ते 180 मिलिग्रॅम. मात्र सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये कुठे 120, कुठे 250 मिलिग्रॅम औषध असते, तर ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम. ड्रॉप्स सिरप समजून 5 मिलिलिटर पाजले, तर त्याच मुलाच्या पोटात 500 मिलिग्रॅम जाते आणि असे वारंवार झाल्यास यकृत निकामी होऊ शकते. आयब्युप्रोफेनच्या अनेक मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते, ही गोष्ट तर हमखास नजरेतून सुटते.

महापालिकेने आपल्या नागरी आरोग्य केंद्रांत वजनानुसार मात्रेचे मराठी तक्ते लावावेत, आणि माझ्या व्यवसायबंधूंनी मुलाचे वजन विचारल्याशिवाय बाटली हाती देऊ नये, तसेच एका वेळी किती मिलिलिटर द्यायचे ते खोक्यावर पेनाने लिहून द्यावे, अशी माझी विनंती आहे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप असल्यास औषध न विकता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे पाठवावे.

– एक फार्मासिस्ट, ऐरोली, नवी मुंबई